एकतीस पानांची पोथी

पुणे,
१४ जून १९७८

प्रिय विश्रामभाऊ,

सलाम. सुखरूप पोचलात का, असं विचारायची सोय नाही, कारण तुमची छत्री आमच्या खुंटीला लटकते आहे आणि जूनमध्ये छत्रीवाचून कोकणात कोणी सुखरूप असेल असं मला वाटत नाही. अमिनाबी म्हणते, "भावाला साधी छत्री आठवत नाही, मग तीन तास न अडखळता राणीची गोष्ट कशी सांगतो?" मी म्हटलं, छत्रीत गोष्ट नसते.

लोककला प्रदर्शनवाल्यांनी तुम्हाला गळक्या शाळेत उतरवलं, ते एका परीने बरंच झालं. नाहीतर येरवड्यात आमच्या दोन खोल्यांत चित्रकथी कशाला राहायला येतो? चार दिवस तुम्ही मांडवात पोथी घेऊन बसायचात आणि मी दुकान बंद करून पुढे बसायचो. रविवार पेठेत तीस वर्षं तसबिरी मढवतो आहे. देव मढवले, मक्का-मदिना मढवले, पुढारी मढवले, लोकांचे गेलेले आजोबा किती मढवले त्याला गणती नाही. पण माणूस चित्र हातात धरून बोलतो आणि समोरच्या बायका पदराने डोळे पुसतात, हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मी स्वतः रुमाल काढला होता. कुणाला सांगू नका, पेठेत राहायचं आहे मला.

आता कामाचं. पोथी काल उघडली, तुम्ही सांगितलं होतं तसं हात धुऊन. पानं एकतीस, मोजून घेतली. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा अवस्था वाईट आहे. प्रत्येक पान म्हणजे दोन चित्रं, पाठीला पाठ लावून चिकटवलेली, आणि मधली खळ कसरीने खाऊन टाकली आहे. कडांना बोट लावलं की भुसा पडतो. ही पोथी आणखी दोन पावसाळे काढणार नाही. पण माझ्याकडे आली आहे, तेव्हा घोर लावून घेऊ नका. नवरात्राच्या आत तुमच्या हातात देईन. कशी हवी याबद्दल काही सांगायचं असेल तर आत्ताच लिहा. मागाहून तक्रार चालणार नाही, दुकानात तशी पाटीच आहे.

तुमचा
शमशुद्दीन


ठाकरवाडी, ता. कुडाळ,
२ जुलै १९७८

शमशुद्दीनभाईंस,

विश्रामचा नमस्कार. अमिनाताईंना आणि नसीमबानूला आशीर्वाद नि नमस्कार, ज्याला जे लागू पडेल ते. छत्रीचं खरं आहे. भिजतच आलो.

तुमच्या घरी चार दिवस राहिलो, जेवलो, आणि एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. आता लिहितो. पोथी पुण्याला ठेवून आलो हे मी माझ्या वडिलांना, आबांना, सांगितलेलं नाही. कुडाळच्या बुकबाइंडरकडे आठ दिवस दिली आहे, असं सांगितलं. ते आठ दिवस कधीच होऊन गेले. रोज सकाळी तोंड धुतलं की विचारतात, "पोथी इली काय रे?" आणि मी पावसावर ढकलतो.

ही पोथी आबांच्या आजोबांनी काढलेली. रंग दगडाचे आणि पाल्याचे, काळा रंग दिव्याच्या काजळीचा. पूर्वी आमच्या वाडीत घराघरांत अशा पोथ्या होत्या. आता ही एकच उरली. आबांच्या वेळेपर्यंत काढणारे हात होते, माझ्या वेळेला फक्त सांगणारे राहिले. मला सांगता येतं, काढता येत नाही. हे कबूल करायला लाज वाटते, पण तुमच्यापुढे काय लाजायचं.

नवरात्रात सातव्या माळेला ग्रामदेवीच्या देवळापुढे आमच्या घरची पोथी उघडते. तो आमचा मान आहे, चार पिढ्यांचा. गावातल्या तरुण मंडळींना मात्र त्या दिवशी पडदा लावून सिनेमा आणायचा आहे. बैठकीत ठरलंय की यंदा पोथी उघडली नाही तर तो मान बंद, पुन्हा कधी द्यायचा नाही. आबांना पाच वर्षांपासून दिसत नाही, पण यंदा त्यांनाच बसायचं आहे. म्हणतात, माझ्यानंतर तू बस, यंदा मी. त्यांचं वय बघता मीही अडवलं नाही.

कशी हवी म्हणून विचारलंत. मी अडाणी, काय सांगणार? पानं लुळी पडली आहेत, हातात धरली की मान टाकतात. ती ताठ व्हावीत. मागच्या रांगेतल्या माणसालाही प्रत्येक चित्र स्वच्छ दिसावं. आणि पुन्हा कीड लागू नये. एवढं केलंत तर आमचं घर तुमचं नाव घेईल.

आपला
विश्राम


पुणे,
३० जुलै १९७८

प्रिय विश्रामभाऊ,

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. ताठ, स्वच्छ आणि बिनकिडीचं, हे तीन शब्द मी पेन्सिलीने दुकानातल्या भिंतीवर लिहून ठेवले आहेत. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी म्हणतो, माणसाने कसं असावं त्याचे नियम आहेत.

काम सुरू झालं आहे. काय करतो आहे ते मात्र सांगणार नाही. तुम्ही पाहाल तेव्हा पाहाल. एवढंच सांगतो की सागवानाच्या पट्ट्या आणल्या आहेत, ओळखीच्या वखारीतून, चांगल्या मुरलेल्या. खळीत मोरचूद घातला आहे, म्हणजे कसरीच्या सात पिढ्या इकडे फिरकणार नाहीत. नसीमबानू शाळेतून आली की मदतीला बसते. ड्रॉइंग टीचर आहे, पण कालपासून एकाच पानापाशी अडली आहे. म्हणते, "अब्बा, ह्यांनी पट्टी न लावता एवढी सरळ रेघ कशी ओढली असेल?"

आमचं सगळं आयुष्य साध्या कॅलेंडरांना काच लावण्यात गेलं. आता साठीला आल्यावर कुठे हातात धरण्यासारखं काम आलं. तुम्ही याला माझे उपकार म्हणाल, पण उपकार तुमचेच आहेत. आबांना सांगा, बुकबाइंडर जरा सावकाश काम करणारा आहे.

तुमचा
शमशुद्दीन


ठाकरवाडी,
२० ऑगस्ट १९७८

शमशुद्दीनभाईंस नमस्कार.

घाटात दरड आल्याने पत्र उशिरा मिळालं. सागवानाच्या पट्ट्या आणल्यात, म्हणजे तुम्ही पोथीसाठी पेटी करताय हे मी ओळखलं. लपवून काय उपयोग? आमची जुनी पेटी आंब्याच्या फळीची होती, तिलाच आधी कीड लागली. तुम्हाला हे न सांगता कळलं. रात्री मी घरात सांगितलं, तर आमच्या घरची म्हणाली, सागवानी पेटीत तर लग्नातले दागिने ठेवतात.

आबांची तालीम सुरू झाली आहे. पोथी नाही म्हणून माझ्या धाकट्याची शाळेची पाटी घेतात. पडवीत बसून पाटी छातीशी धरतात, बोलतात, आणि वेळ आली की उलटी करतात. पाटीवर पाढे असतात, त्यांना ते काय माहीत? त्यांच्या बोटांना चित्र दिसतं. पोथी हातात असली की कोपऱ्याच्या झिजण्यावरून ते पान ओळखतात.

तुम्ही मांडवात पुढे बसायचात, म्हणून तुम्हाला आठवत असेल. सातवं पान. पुढल्या बाजूला राणी दारात उभी आहे, पाठीमागे घर, घरात दिवा. आबा म्हणतात, "राजान दार लावून घेतला." मग श्वास घ्यायचा आणि तो सोडता सोडता पान उलटायचं. उलटल्यावर राणी वनात असते. मधे काही नाही, शब्दही नाही. बायका रडतात त्या तिथे. मी पंधरा वर्षं हे पान उलटतो आहे, पण आबांसारखं मला उलटता येत नाही. माझं लवकर होतं. ते म्हणतात, बोलणं कोणीही शिकेल, सगळं कसब उलटण्यात आहे.

पाटी उलटताना त्यांचं तोंड बघावं. पाच वर्षांत असं पाहिलं नव्हतं. तुमच्यामुळे हे होतंय, म्हणून लिहिलं.

आपला
विश्राम


पुणे,
८ सप्टेंबर १९७८

प्रिय विश्रामभाऊ,

उत्तराला उशीर झाला. ईद आणि गणपती एकाच आठवड्यात आले, त्यामुळे दुकानात दोन्ही बाजूंची गर्दी होती.

काम होत आलं आहे. एक विचारायचं होतं, सहज, माहिती म्हणून. समजा एखाद्या पानाची दोन चित्रं वेगळी झाली, वयोमानाने म्हणा, तर तुमच्यात काय करतात? आधी एक दाखवून मग दुसरं उचलून दाखवलं तर चालतं का? आबांना जमेल का?

अमिनाबीची तब्येत बरी आहे. पाऊस कमी झाला आहे. छत्री पाठवायची राहिलीच.

शमशुद्दीन


ठाकरवाडी,
१५ सप्टेंबर १९७८

शमशुद्दीनभाईंस नमस्कार.

तुमचं पत्र एवढं लहान कधी नसतं. वाचून मन थोडं खाली-वर झालं, पण सणाची दगदग असणार.

विचारलंत म्हणून सांगतो. पान म्हणजे पुढलं आणि मागलं मिळून एक. दोन वेगळी झाली तर आमच्यात ती पोथी गेली असं धरतात. मोडकी पोथी घरात ठेवत नाहीत, विकत नाहीत आणि दुसऱ्याला देतही नाहीत. हळद आणि तांदूळ वाहून वाहत्या पाण्यात सोडतात. ज्याच्या हातून मोडली त्यानेच सोडायची असते, दुसऱ्याने सोडली तर राणी अर्ध्या वाटेवर राहते. सोडताना गोष्टीचं शेवटचं वाक्य म्हणायचं, "राणी घराक इली, दिवो लागलो, आयकतल्यांचा बरा होऊंदे." मी लहान असताना आजोबांनी एक पोथी नदीत सोडली, त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती.

दुसरी एक रीत आहे, तीही सांगून ठेवतो. दिवा लावून पोथी उघडली की शेवटच्या पानापर्यंत उठायचं नाही. पाऊस येवो, समोर माणूस नसो. राणीला वनात सोडून सांगणाऱ्याने घरी जायचं नाही.

आबांना वेगवेगळी चित्रं जमणार नाहीत. त्यांच्या हाताला एकच ठाऊक आहे. पण हे तुम्ही का विचारलंत? एखादं पान सुटलं असेल तर खळ लावून पुन्हा चिकटवा, आम्हीही तसंच करतो. घटस्थापना तीन तारखेला आहे.

आपला
विश्राम


पुणे,
२१ सप्टेंबर १९७८

विश्रामभाऊ,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता जे लिहिलं जाईल ते पाठवणार आहे.

पेटी नाही केली मी. चौकटी केल्या. तुमची पोथी मी उलगडली. किटलीच्या वाफेवर एकेक पान धरलं, कसरीने अर्धं काम केलंच होतं, पाठीपासून पाठ अलगद सुटली. पहिलं पान सुटलं तेव्हा मी दुकानात मोठ्याने हसलो होतो. मला वाटलं, शंभर वर्षं एकमेकांच्या मागे लपलेली चित्रं मी मोकळी केली. एका वेळी एकच दिसायचं, आता दोन्ही शेजारी शेजारी दिसतील. बासष्ट चित्रं हार्डबोर्डवर पक्की चिकटवली. मागून वॉर्निश मारलं. पुढे काच, चारही बाजूंना सागवान. ताठ, स्वच्छ, बिनकिडीचं. तुम्ही सांगितलं तसंच.

तुमचं पाटीचं पत्र आलं तेव्हा बासष्ट चौकटी भिंतीला लावून उभ्या होत्या. मी ते पत्र दुकानात उभ्याने वाचलं. नसीमबानूने हातातून घेऊन वाचलं, तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "अब्बा, विचारून घ्या." मी तिला म्हटलं होतं, तीस वर्षं मढवतोय, मला काय विचारायचंय?

आठ तारखेला तुम्हाला जे सहज म्हणून विचारलं, त्यात सहज काही नव्हतं. तुम्ही हो म्हणाल अशी आशा होती. त्यानंतर एक पान परत जोडायला घेतलं. शेवटचं घेतलं, कारण तेच सगळ्यात चांगलं राहिलं होतं. खळ पक्की बसली होती, मोरचूद घातलेली, माझी स्वतःची. कागद निघाला तो तुकड्यांनी निघाला. राणी घरी येते ते पान आता नाही, त्याची चौकट रिकामी आहे. बाकीच्यांना मी हात लावला नाही.

माझ्या धंद्यात चित्र म्हणजे भिंत, भाऊ. चित्र पाहिलं की मला आधी खिळा दिसतो. तुम्ही चार दिवस माझ्यासमोर पान उलटत होतात आणि मी रडत होतो, पण कशामुळे रडतोय ते मला कळलं नव्हतं.

दोन खोकी एस.टी.च्या पार्सलने पाठवतो आहे. न पाठवून काय करू? मी स्वतः येणार होतो, पण आबांसमोर उभं राहायची हिंमत नाही. तुम्ही शिव्या द्या, पण पत्र लिहा.

शमशुद्दीन


ठाकरवाडी,
१४ ऑक्टोबर १९७८

शमशुद्दीनभाईंस,

खोकी मिळाली. काचा सगळ्या शाबूत होत्या, तुमचं बांधकाम चांगलं होतं.

मी आबांना सांगितलं नाही. रोज ठरवायचो, आज सांगू. सातवी माळ आली तरी सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यात आलं की पुढल्या बाजूची चौकट त्यांच्या हातात देईन आणि उलटायच्या वेळी पटकन काढून दुसरी देईन. मानासाठी केलं. आता लिहिताना कळतंय की त्यात मान कसला होता.

आबांनी अंघोळ केली, नवं धोतर नेसले. संध्याकाळची आरती झाली आणि देवळापुढे दिवा लावला. दीडशे माणूस असेल. पलीकडच्या भाताच्या कुणग्यात तरुण मंडळींनी पडदा बांधून ठेवलाच होता. मी पहिली चौकट हातात दिली. आबांनी बोटं फिरवली. काचेवरून, पट्टीवरून, पुन्हा काचेवरून. मग मला हळूच म्हणाले, "हो आरसो कोणाचो?"

तिथे मी सगळं सांगितलं. पुण्याचं, तुमचं, माझं खोटं. लोक ऐकत होते. मानकरी आबांना म्हणाले, भिवा, राहू दे, आता उठ. आबा म्हणाले, "दिवो लावलो मा? मग आता उठूचा नाय."

आणि त्यांनी सुरुवात केली. मी चौकट बदलायला गेलो की ती घट्ट धरायचे. वेळ आली की स्वतःच उलटायचे. उलटल्यावर लोकांना हार्डबोर्ड दिसायचा, चार बारीक खिळे आणि टांगायची कडी. पहिल्यांदा पोरं हसली. तिसऱ्या पानाला मोठी माणसं हसली. सातव्या पानाला आबांनी श्वास घेतला, सोडता सोडता उलटलं, त्यांच्या आयुष्यात उलटलं नसेल इतकं चांगलं. समोर तपकिरी फळी होती. तेवढ्यात पलीकडे सिनेमाचं मशीन सुरू झालं. माणसं एकेक करून उठून गेली, मागून पुढे. शेवटी देवीची पुजारीण आणि मी उरलो.

चौकटी जड होत्या. एकोणिसावी हातातून सुटली, काच फुटली, तळवा कापला. मी पंचा बांधला. ते थांबले नाहीत. एकतिसाव्या पानाला मी नुसती रिकामी चौकट दिली. ती धरून त्यांनी राणीला घरी आणलं.

मग विचारलं, "बायलमाणसा रडली काय रे?" सिनेमाचं गाणं त्यांना ऐकू येत नव्हतं असं नाही. तरी विचारलं. मी म्हटलं, होय आबा, सगळी रडली.

त्या दिवसापासून ते पडवीत येत नाहीत. पाटीला हात लावत नाहीत. जेवायला घातलं तर जेवतात. गावाने मान बंद केल्याचं कळवलं आहे.

मी तुम्हाला शिव्या देणार नाही. पोथी पुण्याला मी नेली, आबांना फसवलं मी. तुम्ही जे केलंत ते प्रेमाने केलंत, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच रागवायलासुद्धा जागा उरली नाही. राग असता तर बरं वाटलं असतं.

आबांनी एक निरोप सांगितला आहे, या दिवसांत तेवढंच बोलले. "जेच्या हातान मोडली तेच्याच हातान सोडूची." मी म्हटलं, आबा, ते मुसलमान आहेत. तर म्हणाले, "हाताक जात नसता." खोकी परत पाठवतो आहे. हळद-तांदूळ आणि शेवटचं वाक्य तुम्हाला आधी कळवलंच आहे. दिवस कुठलाही चालेल. झालं की कळवा, आबा वाट बघतायत.

विश्राम


पुणे,
१२ नोव्हेंबर १९७८

विश्रामभाऊ,

तुमच्या वाक्याचा मी आठ दिवस सराव केला. "इली", "लागलो". अमिनाबी ऐकून म्हणायची, अजून पुणेरी वाटतंय.

दुकान बंद ठेवून सगळ्या चौकटी उघडल्या. काच वेगळी, पट्ट्या वेगळ्या. मी आयुष्यात चौकटी जोडल्या, उघडल्या कधीच नव्हत्या. परवा सकाळी आम्ही तिघं येरवड्याच्या बाजूने नदीवर गेलो. नसीमबानूकडे हळद-तांदूळ होते. घरी त्या दिवशी चूल पेटवली नाही, हे अमिनाबीने आपणहून केलं.

साठ फळ्या मी एकेक करून पाण्यात सोडल्या आणि वाक्य म्हटलं. न अडखळता म्हटलं.

भाऊ, त्या बुडेनात. हार्डबोर्ड होता, मागे माझं वॉर्निश होतं, पाणी आत शिरेना. सगळी चित्रं तोंड वर करून तरंगत निघाली, राजा, हत्ती, वन, राणी, आणि खाली बंधाऱ्याशी जाऊन अडकली. मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो. एकेक धरून खाली दाबायचो, दाबलं की जायची, हात काढला की वर यायची. किती वेळ दाबत होतो ते आठवत नाही. नसीमबानू काठावरून ओरडत होती, "अब्बा, पुरे, बाहेर या." मी तिला म्हणालो, टिकाऊ काम आहे गं माझं. अंधारून येईपर्यंत थांबलो. चाळीसेक भिजून गेली असतील, बाकीची तशीच सोडून आलो.

हे इथपर्यंतच लिहिणार होतो. पण एकदा लपवून जे झालं ते झालं, आता लपवत नाही.

काल दुकानात एक गृहस्थ आले, बिबवेवाडीचे श्रीनिवासराव, रिटायर्ड हेडक्लार्क. मुलीकडे राहायला आले होते, सकाळी फिरताना बंधाऱ्यापाशी सापडलं म्हणाले. वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. सातवं पान, पुढली बाजू. राणी दारात उभी. एक कोपरा भिजलेला, बाकी स्वच्छ. म्हणाले, "जुनं दिसतंय, काच घालून मढवून द्या."

मी म्हटलं, साहेब, हे मढवू नका, हे नदीला परत द्या. त्यांनी दुकानावरची पाटी वाचली आणि म्हणाले, "तुमचा धंदा कशाचा आहे? मढवण्याचाच ना?" मी हात जोडले, हवी ती दुसरी तसबीर घेऊन जा म्हटलं, सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चांगला माणूस आहे, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाले, "एवढा इतिहास असेल तर जपायलाच हवं." चित्र परत कागदात गुंडाळून पुढच्या आळीतल्या दुकानात गेले. जपायलाच हवं, मलाही तेच वाटलं होतं.

म्हणजे ती आता कुणाच्या तरी दिवाणखान्यात लागेल. राजाने दार लावून घेतलं आहे, आणि ते पान कुणी उलटणार नाही.

आबांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही.

शमशुद्दीन


पोस्टकार्ड

ठाकरवाडी,
२१ नोव्हेंबर १९७८

शमशुद्दीनभाईंस,

आबा काल दुपारी गेले. तुमचं पत्र त्याच सकाळी आलं होतं. कागदाचा आवाज ऐकून विचारलं, "सगळी गेली काय?" मी म्हटलं, होय आबा, सगळी गेली. म्हणाले, "मगे राणी पोचली." मी होय म्हटलं. हे माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं.

छत्री पाठवू नका, राहू दे तिथेच.

विश्राम